न मोजलेल्या नाल्याचे पाणी आणि उसना गुणक

गावच्या नाल्यावर बांध घालावयाचे ठरले, म्हणजे सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. या नाल्यातून पावसाळ्यात एकंदर पाणी किती वाहते? आश्चर्याची गोष्ट अशी की, या प्रश्नाचे उत्तर कागदावर अवघ्या काही मिनिटांत तयार होते. पाणलोट क्षेत्राचे क्षेत्रफळ नकाशावरून काढले जाते, तालुक्याच्या पावसाची सरासरी नोंदवहीतून घेतली जाते, त्या दोहोंचा गुणाकार करून त्यास एका ठराविक गुणकाने गुणिले की उत्तर हाती येते. हा गुणक कोठून आला, तो प्रथम कोणत्या भूमीवर व किती वर्षांच्या मोजणीवरून ठरला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. नाला स्वतः कधीच मोजला गेलेला नसतो. त्याच्या नावावर दुसऱ्याच एखाद्या नाल्याचा हिशेब मांडलेला असतो.

हिशेबाचे स्वरूप साधे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर पाणी पडले. पाचशे हेक्टरांच्या पाणलोटावर ६०० मि.मी. पाऊस झाला तर ३० लाख घनमीटर पाणी आकाशातून उतरले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्यातील काही पाणी जमिनीत मुरते, काही पिके व गवत पितात, काही वाफ होऊन जाते. आणि जे उरते तेवढेच ओघळींतून नाल्यास मिळते. या उरलेल्या वाट्यास अपधाव म्हणतात. तो शेकडा दहा धरला तर नाल्यास ३ लाख घनमीटर पाणी मिळेल. शेकडा एकवीस धरला तर ६ लाख ३० हजार. क्षेत्रफळात चूक झाली तर ती नकाशावर सापडते, पावसात झाली तर पर्जन्यमापकाच्या नोंदीत सापडते. गुणकात झालेली चूक मात्र बांध पूर्ण होऊन दोन-तीन पावसाळे कोरडे गेल्याखेरीज कोणाच्या ध्यानात येत नाही.

शास्त्रज्ञ ज्यास ‘प्राचल’ म्हणतात व व्यवहारात ज्यास गुणक म्हटले जाते, त्या एका आकड्याच्या पोटात साऱ्या शिवाराचा स्वभाव साठविलेला असतो. मातीची खोली, उतार, झाडोरा, बांधबंदिस्ती, खालचा खडक, आधीच्या पावसाने जमिनीत राहिलेला ओलावा आणि पाऊस रिमझिम पडला की धो धो कोसळला, हे सर्व त्यात येते. मोठ्या नद्यांवर प्रवाह मोजणारी केंद्रे आहेत व त्यांच्या नोंदींवरून त्या खोऱ्यांचे गुणक काढता येतात. परंतु ज्या दोन, पाच किंवा दहा चौरस किलोमीटरांच्या पाणलोटांवर गावांची कामे होतात, तेथे असे केंद्र जवळजवळ कोठेच नसते. म्हणून उसनवारी टळत नाही. ही अडचण केवळ महाराष्ट्राची नव्हे. आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेने २००३ ते २०१२ हे संपूर्ण दशक ‘न मोजलेल्या खोऱ्यांतील प्रवाहाचा अंदाज’ या एकाच विषयास वाहिले होते. तेव्हा उसना गुणक घेणे ही काही लाजेची बाब नाही. तो कोणाकडून घेतला व घेतल्यावर तपासून पाहिला की नाही, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

महाराष्ट्रात चालत आलेल्या गुणकांचा जन्म पाहिला तर ही बाब अधिक स्पष्ट होते. नागपूरच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारे इंजिनिअर अलेक्झांडर बिनी यांनी नागपूरजवळील सुमारे १६ चौरस किलोमीटरांच्या एका लहानशा पाणलोटावर १८६९ व १८७२ या वर्षी पाऊस व अपधाव मोजला. त्यावरून त्यांनी टक्केवारीचे जे कोष्टक बसविले ते पुढे विदर्भात व मध्य प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. १८९२ साली स्ट्रेंज यांनी आजच्या महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातील नोंदींवरून आपले कोष्टक तयार केले. त्यात पाणलोटाचे चांगले, मध्यम व वाईट असे तीन वर्ग आहेत; मध्यमाचे पाणी चांगल्याच्या पाऊणपट व वाईटाचे निम्मे येते. (येथे ‘चांगला’ म्हणजे पाणी लवकर वाहू देणारा. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो पाणलोट चांगला, म्हणजे झाडीने व बांधांनी पाणी अडविणारा, तो या कोष्टकात वाईटाच्या रकान्यात जातो! या एका शब्दाने पुष्कळ घोटाळा होऊ शकतो.) १९१५ साली बार्लो यांनी उत्तर प्रदेशातील लहान पाणलोटांवरून आपले गुणक दिले. त्यानंतर १९२९ मध्ये इंग्लिस व डिसोझा यांनी पश्चिम भारतातील ५३ ठिकाणच्या प्रवाहमापनावरून दोन सूत्रे काढली, एक घाटमाथ्यासाठी व एक दख्खनच्या पठारासाठी.

आता वर घेतलेलाच पाचशे हेक्टरांचा पाणलोट व ६०० मि.मी. पाऊस घेऊन या चारही जणांना एकच प्रश्न विचारून पाहावा. बार्लो यांचा सपाट, लागवडीखालील काळ्या जमिनीचा गुणक शेकडा १० आहे. त्याप्रमाणे ३ लाख घनमीटर पाणी येते. इंग्लिस-डिसोझा यांच्या पठारी सूत्राने अपधाव सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५ लाख घनमीटर येतो. बिनी यांच्या कोष्टकात ६०० मि.मी. पावसास शेकडा २१ आहे. म्हणजे ६ लाख ३० हजार. आणि कोणी अनवधानाने घाटाचे सूत्र पठारावर लावले तर उत्तर २०.५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादहा लाख घनमीटर येईल. नाला तोच, पाऊस तोच, आणि उत्तरे तीन लाखांपासून सव्वादहा लाखांपर्यंत! यांपैकी कोणताही संशोधक चुकलेला नाही. प्रत्येकाने आपल्या भूमीवर जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्यांचे आकडे जन्मस्थानापासून तोडून दुसऱ्या भूमीवर नेले जातात, दोष तेथे आहे.

या फरकाची किंमत कोण देतो? नाल्यास सहा लाख घनमीटर पाणी येणार असे गृहीत धरून बांध मोठा घातला जातो. त्याच्या भरवशावर खालच्या अंगाचे शेतकरी विहिरी खोल करतात, कर्ज काढून पाइपलाइन टाकतात, डाळिंबाची किंवा संत्र्याची झाडे लावतात. पाणी प्रत्यक्षात तीन लाखच येत असेल तर बाग चौथ्या-पाचव्या वर्षी, नेमकी फळावर येत असताना, टँकरच्या पाण्यावर जगवावी लागते. त्याहून अधिक गंभीर प्रकार एकाच नाल्यावर वरपासून खालपर्यंत अनेक बांध घातले जातात तेव्हा घडतो. प्रत्येक बांधाच्या कागदात त्याच्या माथ्यावरचा संपूर्ण पाणलोट मोजला जातो व वरच्या बांधांनी अडविलेले पाणी वजा करावयाचे राहून जाते. अशाने एकच पाणी तीन गावांना तीनदा वाटले जाते. मग चांगल्या पावसाच्या वर्षी कोणी बोलत नाही आणि तुटीच्या वर्षी खालचे गाव वरच्या गावाशी भांडावयास उठते. त्या भांडणात दोन्ही गावे खरी असतात. खोटा असतो तो मूळ हिशेब.

येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. वर्षभरात पाणी किती मिळेल हा एक प्रश्न, आणि एखाद्या रात्रीच्या ढगफुटीत नाल्यास पूर किती मोठा येईल हा दुसरा. पहिल्यावर बांधाची साठवण ठरते, दुसऱ्यावर सांडव्याची लांबी. पुरासाठीही उसनी सूत्रेच वापरली जातात व त्यांतही तितकीच तफावत असते. दहा चौरस किलोमीटरांच्या पाणलोटास डिकन्स यांचे सूत्र १४ हा गुणक धरून लावले तर सेकंदास सुमारे ७९ घनमीटर पूर येतो. सह्याद्रीच्या पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांवरून काढलेले इंग्लिस यांचे सूत्र लावले तर सुमारे २७४. मिळकतीच्या हिशेबात हात आखडता असावा व सांडव्याच्या हिशेबात सढळ असावा, हा जुन्या जाणत्यांचा शिरस्ता होता. दोन्ही ठिकाणी एकच ‘मध्यम’ आकडा घालून समाधान मानणे म्हणजे बांध कोरडा राहण्याची व वाहून जाण्याची अशा दोन्ही आपत्तींची सोय एकदमच करून ठेवणे होय.

काळ्या जमिनीचा स्वभाव तर असा आहे की, तिला वर्षभर एकच गुणक लावणे मुळातच धाडसाचे ठरते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस कितीही जोराचा असला तरी त्याचे बरेचसे पाणी या भेगांत शिरते व नाल्यास थेंबही येत नाही. पुढे जमीन भिजून फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो आणि मग हस्ताचा तेवढाच पाऊस नाला दुथडी भरून वाहवितो. कोणत्याही अनुभवी शेतकऱ्यास हे ठाऊक आहे; कोष्टकातील वार्षिक टक्केवारीस मात्र ते ठाऊक नसते.

अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५०च्या दशकात बसविलेली ‘कर्व्ह नंबर’ची पद्धत या बाबतीत पुढची आहे, कारण तीत मातीचा वर्ग, जमिनीचा वापर व आधीचा ओलावा हे तिन्ही विचारात घेतले जातात. पाणलोट विकासाच्या कामांत आज तीच बहुधा वापरली जाते. परंतु तिचाही आकडा कोष्टकातूनच घेतलेला असतो, आणि तो थोडा इकडे-तिकडे झाला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. एका दिवसात ५० मि.मी. पाऊस झाला व कर्व्ह नंबर ८० धरला, तर मूळ पद्धतीने अपधाव १३.८ मि.मी. येतो, ७० धरला तर अवघा ५.८ मि.मी. शंभर हेक्टरांवर हा फरक ८ हजार घनमीटरांचा झाला. बांधावर उभे राहून समोरचे शिवार सत्तराचे की ऐंशीचे हे नुसत्या नजरेने छातीठोकपणे सांगू शकेल असा मनुष्य विरळा. भारतातील मातींसाठी या पद्धतीतील प्रारंभिक शोषणाचे प्रमाणही बदलून घ्यावे लागले आहे, हेही विसरता कामा नये.

मग गुणक उसना घ्यावयाचा तो कोणाकडून? सर्वसाधारण समजूत अशी की, सर्वांत जवळच्या मोजलेल्या खोऱ्याकडून. ही समजूत अगदीच निराधार नाही. ऑस्ट्रियात व फ्रान्समध्ये शेकडो खोऱ्यांवर या प्रश्नाचा कसून अभ्यास झाला. एखादे मोजलेले खोरे मुद्दाम न मोजलेले मानावयाचे, त्यास दुसऱ्याचा गुणक लावावयाचा व येणारे उत्तर खऱ्या नोंदीशी ताडून पाहावयाचे, अशी ती रीत. फ्रान्समधील अभ्यासात शेजारच्या खोऱ्यांचा गुणक सरस ठरला. परंतु तेथे प्रवाहमापन केंद्रांचे जाळे दाट आहे व शेजारी म्हणजे खरोखरीच शेजारी आहे. महाराष्ट्रात, विशेषतः सह्याद्रीच्या पूर्वेस, काही किलोमीटरांत सृष्टी पालटते. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस होतो आणि रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटर उतरून वाईस आले तर हजार मि.मी.चीही खात्री नसते. अशा मुलखात जवळचा तो आपला, हा नियम चालत नाही. सारखा तो आपला, असे म्हणावे लागते, मग तो दुसऱ्या जिल्ह्यात का असेना.

सारखेपणा मात्र कागदावर पाहून ठरत नाही. (नकाशावर बोट ठेवून जवळचे केंद्र शोधणे सोपे असते, शिवार पायाखाली घालणे कष्टाचे असते, म्हणूनच बहुधा पहिलाच मार्ग पत्करला जातो.) पाऊस किती पडतो याइतकेच तो कसा पडतो हे पाहावे लागते. पर्जन्यछायेत वळवाचे व परतीचे थोडेच पण जोराचे पाऊस येतात, तर घाटपायथ्यास भीजपाऊस लागून राहतो. मातीची खोली विहिरीच्या कडेवर किंवा ओघळीच्या दरडीवर सहज दिसते; वीतभर मुरमाड मातीखाली कठीण काळा पाषाण असलेला माळ आणि पाच हात खोल काळी असलेला थडीचा पट्टा हे दोन्ही एकाच गावात असले तरी पाण्याच्या दृष्टीने ते दोन निराळे प्रदेश आहेत. उतार व झाडोरा यांचे तसेच. आणि आज ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती गोष्ट म्हणजे पाणलोटात आधीच झालेली कामे. ज्या शिवारात समपातळी चर, शेतबांध, शेततळी व नाला बांध मोठ्या संख्येने झाले आहेत, त्यास बिनी किंवा स्ट्रेंज यांच्या काळच्या उघड्या रानाचा गुणक लावणे म्हणजे वडिलांच्या मापाचा अंगरखा नातवास चढविण्यासारखे आहे. पाणी अडविण्याचे काम जितके यशस्वी झाले असेल, तितका जुना गुणक खोटा ठरलेला असतो.

अलीकडे असे म्हटले जाते की, उपग्रहांची चित्रे व संगणकावरील जलवैज्ञानिक प्रतिमाने आल्यामुळे आता जागेवरच्या मोजणीची गरज उरली नाही. या साधनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पाणलोटाची सीमा, उतार, पिकांखालील क्षेत्र ही माहिती ती फार उत्तम रीतीने देतात, आणि महसूल मंडळवार उभारलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे पावसाचा आकडाही पूर्वीपेक्षा जवळचा मिळतो. परंतु प्रतिमानात एकाऐवजी दहा-पंधरा गुणक असतात, आणि अनुभव असा आहे की, त्या गुणकांचे अनेक निरनिराळे संच जवळजवळ सारखेच उत्तर देतात. त्यांतील खरा संच कोणता हे संगणक सांगू शकत नाही. ते सांगावयास नाल्यातील पाण्याची खरी नोंदच लागते. वर उल्लेखिलेल्या दशकाच्या शेवटी, २०१३ साली, जगभरच्या अभ्यासांचा जो गोषवारा प्रसिद्ध झाला त्यात असे आढळून आले की, दमट प्रदेशांपेक्षा कोरड्या प्रदेशांत, व मोठ्या खोऱ्यांपेक्षा लहान खोऱ्यांत, असे उसने अंदाज अधिक चुकतात. दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील गावनाला कोरडाही आहे व लहानही आहे.

याच संशोधनातून निघालेली दुसरी गोष्ट मात्र धीर देणारी आहे व तिची दखल ग्रामपातळीवर घेतली जावयास हवी. स्वीडनमधील काही लहान खोऱ्यांवर असा प्रयोग करून पाहण्यात आला की, वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदीऐवजी केवळ थोड्याच निवडक वेळी प्रवाह मोजला तर अंदाज किती सुधारतो. संशोधकांनाही नवल वाटावे इतक्या थोड्या मोजण्यांनी तो पुष्कळ सुधारला. मोजण्या योग्य वेळी, म्हणजे पूर चढता-उतरता असताना, घेतलेल्या असल्या म्हणजे झाले. नागपूरच्या त्या जुन्या मोजणीची गोष्ट तरी काय निराळी आहे? दोन पावसाळ्यांच्या नोंदीवर विदर्भाने कित्येक दशके हिशेब केला. मग ज्या नाल्यावर सरकारचे व गावाचे लाखो रुपये खर्च व्हावयाचे, त्या नाल्याच्या वाट्यास एका पावसाळ्याची मोजणीही येऊ नये, हे समर्थनीय कसे मानावे?

अशा मोजणीस फार मोठी साधने लागत नाहीत. ज्या नाल्यावर आधीच एखादा सिमेंट बांध आहे तेथे तो बांधच मोजमापाचे साधन होय. बांधाच्या वरच्या अंगास दोन-तीन मीटरांवर, पाणी माथ्याकडे झुकू लागण्यापूर्वीच्या जागी, सेंटिमीटरच्या खुणांची मोजपट्टी पक्की बसवावी व तिचे शून्य सांडव्याच्या माथ्याशी मिळवावे. रुंद माथ्याच्या बांधावरून १० सें.मी. उंचीने पाणी वाहत असेल तर लांबीच्या प्रत्येक मीटरमागे सेकंदास सुमारे ५४ लिटर, २० सें.मी. असेल तर सुमारे १५२, ३० सें.मी. असेल तर सुमारे २७९ व ५० सें.मी. असेल तर सुमारे ६०० लिटर पाणी जाते. दहा मीटर लांबीच्या सांडव्यावरून ३० सें.मी. पाणी तासभर वाहिले म्हणजे सुमारे दहा हजार घनमीटर पाणी गेले. उंची दुप्पट झाली की पाणी दुपटीने नव्हे, जवळजवळ तिपटीने वाढते, हे नोंद घेणाऱ्याच्या मनावर ठसविले पाहिजे. चार बोटांची चूक हिशेबात मोठी होते.

जेथे पाझर तलाव आहे तेथे काम याहून सोपे. तलावाच्या खोलीवरून साठा सांगणारे कोष्टक बांधकामाच्या वेळी तयार झालेले असते. समजा, ३०० हेक्टरांच्या पाणलोटावर ६० मि.मी. पाऊस झाला, तलाव अजून सांडला नाही आणि साठा ४० हजारांवरून ५५ हजार घनमीटरांवर गेला. पडलेले पाणी १ लाख ८० हजार घनमीटर, आलेले १५ हजार. म्हणजे त्या पावसाचा अपधाव शेकडा सव्वाआठ. असे पाच-सहा पाऊस नोंदले की पाणलोटाचा स्वभाव उघड होऊ लागतो. मात्र जुन्या तलावात गाळ भरला असल्यास कोष्टक आधी दुरुस्त करून घेतले पाहिजे, नाही तर गाळाचेही पाणी म्हणून मोजमाप होईल!

बांध वा तलाव काहीच नसेल तेथे नाल्याचा सरळ, वीस मीटरांचा टप्पा निवडून तरंगत्या लाकडाने वेग काढता येतो. ते वीस मीटर २५ सेकंदांत गेले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदास ०.८ मीटर, खालचे पाणी त्याहून मंद असल्याने तो ०.८५ ने गुणावा, उथळ व दगडगोट्यांच्या नाल्यात याहूनही कमीने, आणि पाण्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने पुन्हा गुणावा. छेद कोरड्या दिवसांत मोजून ठेवावयाचा असतो. पुरात उतरण्याचे साहस कोणीही करू नये. पावसाळा संपल्यावर झुळझुळणारा प्रवाह मोजावयास काटकोनी खाच कापलेला पत्रा पुरतो. खाचेत १० सें.मी. पाणी असेल तर सेकंदास सुमारे साडेचार लिटर, म्हणजे दिवसास जवळजवळ ३८० घनमीटर. हा प्रवाह किरकोळ दिसतो, परंतु रब्बीच्या विहिरींचे भवितव्य त्यावरून कळते.

लहान नाल्यांचा पूर काही तासांतच ओसरतो. त्यामुळे रोज सकाळी आठ वाजता एकदा पट्टी वाचण्याचा परिपाठ येथे निरुपयोगी ठरतो. रात्री अकराला आलेला पूर सकाळी आठला गेलेला असतो व वहीत शून्य लिहिले जाते. सबब नोंद घेणारा मनुष्य नाल्याकाठी राहणारा असावा. त्याने पाणी वाढू लागल्याची वेळ, सर्वोच्च उंची व ओसरल्याची वेळ एवढे तरी टिपावे. आडोशास उभी केलेली खडू फासलेली काठी सर्वोच्च उंचीची खूण राखून ठेवते. शाळेतील वरच्या वर्गांची मुले हे काम आनंदाने व पुष्कळदा मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे करतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, दुष्काळाने गांजलेल्या गावास मोजणीसाठी एक वर्ष थांबा म्हणून सांगणे क्रूरपणाचे आहे. आक्षेप खरा आहे, व थांबा असे कोणी म्हणतही नाही. माथ्यावरची कामे, म्हणजे चर, बांधबंदिस्ती व ओघळ नियंत्रण, यांस नाल्याच्या पाण्याचा नेमका आकडा लागत नाही. ती पहिल्या वर्षी करावी व त्याच वर्षी नाला मोजावा. खालचा मोठा बांध दुसऱ्या वर्षी मोजणीच्या आधाराने आखावा. माथा ते पायथा हा क्रम तसाही पाणलोट विकासात मान्य झालेलाच आहे. एक वर्ष अपवादात्मक असू शकते हेही खरे. परंतु त्या वर्षाचा पाऊसही मोजलेला असतो, व पाऊस-अपधावाची जोडी हाती आली म्हणजे कोणता उसना गुणक सरळसरळ टाकावयाचा हे तरी कळते. चारांतील दोन उत्तरे बाद झाली तरी लाभ थोडा नाही.

२०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात आणि पुढे अटल भूजल योजनेत गावागावांनी पाण्याचे ताळेबंद मांडले, ही फार चांगली गोष्ट झाली. त्या ताळेबंदांत खर्चाची बाजू गावाने मोजलेली असते. माणसे किती, जनावरे किती, ऊस किती, कांदा किती हे गावास ठाऊक असते. जमेची बाजू मात्र पुष्कळ अंशी कोष्टकावरच उभी राहते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत त्या वर्षाची पिके ठरविते, ते यासाठीच अभ्यसनीय आहे. तेथे मोजलेल्या आकड्याचा पिकाच्या निवडीशी प्रत्यक्ष संबंध जोडला गेला. नाल्याच्या पाण्याची नोंद त्याच रीतीने ग्रामसभेत वाचली गेली, तर वरच्या व खालच्या गावांस बोलावयास एक समान आकडा मिळेल.

नोंदवही कोणाकडे राहावी, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. कार्यकर्त्याची बदली झाली की वही त्याच्याबरोबर जाते किंवा कपाटाच्या तळाशी पडते, आणि नवा कार्यकर्ता पुन्हा कोष्टक उघडतो. म्हणून वहीच्या दोन प्रती असाव्या, एक ग्रामपंचायतीत व एक तालुक्याच्या कृषि कार्यालयात. दोन्हींच्या पहिल्या पानावर पाणलोटाचे क्षेत्रफळ, मातीचे प्रकार, त्यात आधी झालेल्या कामांची यादी, मोजपट्टीचे शून्य कोणत्या पक्क्या खुणेशी मिळविले आहे ते, आणि सध्या वापरात असलेला गुणक कोठून घेतला आहे ते लिहिलेले असावे. पट्टी पुरात वाहून गेली तर नवी पट्टी त्याच खुणेशी मिळवून बसविता येईल. आणि शेजारच्या तालुक्यात तशाच मातीचा, तशाच उताराचा, परंतु कधी न मोजलेला एखादा नाला असेल, तर त्याच्यासाठी गुणक शोधणाऱ्यास नागपूरपर्यंत किंवा १८६९ सालापर्यंत जावे लागणार नाही.